स्वयंसेवकाची पारख : एका गुप्त यादीचा इतिहास

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे व्याख्यान आहे असे जाहीर झाले, की श्रोत्यांची एक ठराविक अपेक्षा असते. गड, लढाया, तह, निदान एखादा कारस्थानी कारभारी तरी त्यात असावा. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहो त्यात ह्यांपैकी काही नाही. त्यात एक कपाट आहे, कपाटात कागद आहेत आणि त्या कागदांवर काही माणसांची नावे आहेत. हे कपाट अमेरिकेतील बालवीर संघटनेच्या मुख्य कचेरीत सत्तरऐंशी वर्षे कुलूपबंद राहिले. त्यात काय आहे हे बाहेरच्या जगाला कळावे म्हणून न्यायालयाची पायरी चढावी लागली. मुलांच्या हाती खेळ द्यावा, शिबिर द्यावे, रानावनाची गोडी लावावी, आणि हे सारे करणारा वडीलधारा माणूस मात्र कोण आहे हे कसे ओळखावे, हा प्रश्न त्या कपाटापाशी येऊन उभा राहतो. विषय अप्रिय आहे. परंतु अप्रिय म्हणून तो टाळला गेला, ह्यातच त्याच्या इतिहासाचे अर्धे मर्म आहे.

बेडन-पॉवेल ह्या इंग्रज सेनानीने 1907 साली ब्राउनसी नावाच्या बेटावर थोड्याशा मुलांचे एक शिबिर भरविले आणि पुढच्याच वर्षी आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. ते वाचून मुलांनी आपण होऊन टोळ्या बांधल्या आणि मग त्यांना सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांचा शोध सुरू झाला. चळवळीचा हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. शाळा निघते तेव्हा आधी मास्तर असतो, मग मुले येतात. येथे मुले आधी जमली आणि मास्तर मागाहून शोधावा लागला. तो मिळविणे कधीच सोपे नव्हते. बिनपगारी, आपली सुटी आणि शनिवार-रविवार खर्ची घालणारा, पावसात तंबू ठोकणारा माणूस गावात किती असणार? असा एखादा आपण होऊन दारात आला की त्याचे स्वागतच व्हावयाचे. त्याला 'तुम्ही कोण, आधी कोठे होता, तेथून का आलात' असे विचारणे म्हणजे त्याच्या उदारपणाचा अपमान करणे, असे चांगल्या माणसांना वाटे. आजही वाटते.

शिवाय ह्या कामाचे स्वरूपच असे की शाळामास्तरावर जसा इन्स्पेक्टर असतो तसा येथे कोणी नसतो. मुलांना घरापासून दूर न्यावयाचे, रात्री उघड्यावर निजवावयाचे, आईबापांवाचून राहण्याची सवय लावावयाची, हेच तर त्या शिक्षणाचे सार! ज्या गुणामुळे चळवळ मुलांना प्रिय झाली त्याच गुणाच्या आडोशाने धोका येत होता. हे सांगताना आम्हाला चळवळीची निंदा करावयाची नाही. लाखो मुलांना ह्या चळवळीने स्वावलंबन शिकविले, हेही तितकेच खरे आहे.

अमेरिकेतील संघटना 8 फेब्रुवारी 1910 रोजी स्थापन झाली. पुढच्या वर्षी तिच्या कारभाराची सूत्रे जेम्स वेस्ट ह्या वकिलाकडे आली आणि ती त्यांनी 1943 पर्यंत सांभाळली. हा माणूस समजून घेण्याजोगा आहे. आईबापांवाचून तो वॉशिंग्टनच्या अनाथालयात वाढला, क्षयाने कमरेचे हाड धरल्यामुळे पायाने अधू झाला, आणि त्या स्थितीतून शिकून वकील झाला. बालन्यायालय व्हावे म्हणून तो झटला. अनाथ मुलांच्या प्रश्नावर 1909 साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी जी परिषद बोलाविली तिच्यामागेही त्याची खटपट होती. म्हणजे मुलांची दुःखे ज्याने पुस्तकांतून नव्हे, अंगावर सोसून जाणली होती असा हा गृहस्थ. ह्याच गृहस्थाच्या कारकिर्दीत ते कपाट भरू लागले.

पद्धत तशी साधी होती. गावोगावची पथके चर्च, मंडळे, शाळा असल्या स्थानिक संस्था चालवीत आणि पथकप्रमुख निवडणे हेही त्यांचेच काम असे. परंतु प्रत्येक प्रमुखाची नोंदणी मुख्य कचेरीत व्हावी लागे. एखाद्याला गैरवर्तनामुळे काढून टाकले की स्थानिक अधिकारी मुख्य कचेरीला पत्र लिही; पत्राबरोबर वर्तमानपत्राचे कात्रण, तक्रारीची प्रत, कधी त्या माणसाचा खुलासा असे. त्याची एक फाइल होई. पुढे त्याच नावाचा माणूस दुसऱ्या राज्यातून अर्ज करू लागला तर कारकून नाव ताडून पाही आणि अर्ज परत जाई. पैशाची अफरातफर, चोरी, इतर गुन्हे असे फाइलींचे निरनिराळे वर्ग होते. मुलांवरील अत्याचारांचा वर्ग त्यांतला सर्वांत जाड. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापासून हे चालू होते. 1935 साली न्यूयॉर्कच्या टाइम्स पत्रात ह्या 'लाल निशाणाच्या यादी'ची बातमीही आली होती, आणि संघटनेने ती काहीशा अभिमानानेच सांगितली होती. त्या काळी दुसऱ्या कोणत्याही स्वयंसेवी संस्थेजवळ एवढे पद्धतशीर दप्तर क्वचितच असेल, हे तिच्या बाजूने मान्य केले पाहिजे.

मग चुकले कोठे?

आमच्या मते चूक यादी ठेवण्यात नव्हती. ती कोणासाठी ठेवली ह्यात होती. यादीचा हेतू संघटनेला त्या माणसापासून वाचविण्याचा होता. तो माणूस संघटनेतून गेला की यादीचे काम संपले. तो पुढे कोठे गेला, रस्त्यापलीकडच्या क्रीडामंडळात शिरला की रविवारच्या वर्गात शिकवू लागला, हे पाहणे तिच्या कक्षेत बसत नव्हते. अनेकदा त्याला मुकाट्याने राजीनामा देऊ देत आणि प्रकृती किंवा कामाचा व्याप असे सभ्य कारण कागदावर येई. पोलिसांना कळविण्याचे टाळीत. ह्याला कारणे होती आणि ती सगळीच दुष्टपणाची नव्हती. मुलाचे नाव बाहेर येईल, त्याला गावात तोंड दाखविणे कठीण होईल, ह्या भीतीने आईबापच कित्येकदा गवगवा नको म्हणत. अब्रूनुकसानीच्या दाव्याची धास्ती होती. आणि ह्या सर्वांच्या तळाशी संस्थेच्या नावाला बट्टा लागू नये ही चिंता होती. आपल्याकडे 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणतात. ह्या प्रकरणात मूठ झाकून ठेवण्याची किंमत ज्यांनी मोजली ती मुले होती, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

यादी स्वतःच्या कामातही भोकाभोकांची निघाली. 1970 ते 1991 ह्या काळातील सुमारे 1,200 फाइली लॉस एंजलिस टाइम्सने 2012 साली तपासल्या, तेव्हा सविस्तर तक्रार हाती आल्यानंतरही माणूस संघटनेत राहिला किंवा परत आला आणि त्याने पुन्हा मुलांना त्रास दिल्याचा आरोप झाला, अशी 125 हून अधिक प्रकरणे त्यात सापडली. कोणी नावाचे स्पेलिंग बदलून आला, कोणाचे नाव कळविण्याचे राहून गेले, तर कोणाला पश्चात्ताप झाला आहे असे मानून परीक्षाकाळावर ठेवून घेतले. ह्यांतला शेवटचा प्रकार आम्हाला सर्वांत बोचतो. पहिल्या दोहोंत कारकुनाची चूक आहे. तिसऱ्यात भल्या माणसांनी विचार करून, क्षमाशील वृत्तीने, दुसऱ्यांच्या मुलांना पणाला लावले आहे. त्याच पत्राने पुढे पाहिलेल्या आणखी फाइलींत असे आढळले की मुले, पालक, नोकर किंवा निनावी पत्रे ह्यांच्याकडून संघटनेला प्रथम कळलेली प्रकरणे पाचशेहून अधिक होती आणि त्यांतल्या सुमारे 80 टक्क्यांत पोलिसांना वर्दी दिल्याची नोंदच नव्हती.

हे कागद बाहेर आले ते एका खटल्याने. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे, लहानपणी अत्याचार झालेल्या एका माणसाने संघटनेवर दावा लावला. 2010 च्या एप्रिलमध्ये ज्यूरीने संघटनेला केवळ दंडात्मक भरपाई म्हणून 1 कोटी 85 लाख डॉलर देण्यास सांगितले. खटल्यात पुरावा म्हणून आलेल्या फाइली जनतेला पाहू द्याव्यात असा निर्णय त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दिला आणि ऑक्टोबरात 1965 ते 1985 ह्या वर्षांतील बाराशेहून अधिक फाइली प्रसिद्ध झाल्या. पुढचा भाग थोडक्यात सांगतो. दाव्यांची रांग लागली. 18 फेब्रुवारी 2020 रोजी संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या कारवाईत सुमारे 82,000 माणसांनी आपल्यावर लहानपणी अत्याचार झाल्याचे दावे गुदरले. आणि सुमारे 246 कोटी डॉलरांची भरपाई-योजना 2023 मध्ये अमलात आली. हा 82,000 चा आकडा वाचून आम्ही काही वेळ पुस्तक मिटून ठेवले होते.

आता इंग्लंड-स्कॉटलंडकडे वळू, कारण यादीबाहेर गेलेला माणूस कोठे जातो ह्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळते, आणि ते फार भयंकर आहे. टॉमस हॅमिल्टन नावाचा तरुण 1973 साली स्टर्लिंग भागात बालवीरांचा साहाय्यक प्रमुख झाला. हिवाळ्यातल्या सहलींत त्याने मुलांच्या निजण्याची धड सोय केली नाही, त्यांना आपल्याबरोबर गाडीतच झोपविले, अशा तक्रारी आल्या. 1974 साली संघटनेने त्याचे अधिकारपत्र काढून घेतले आणि त्याला पुन्हा घ्यावयाचे नाही अशी नोंद केली. पुढे त्याने परत शिरण्याचा प्रयत्न केला, तो फसला. म्हणजे यादीने आपले काम चोख केले. आमच्या माहितीत यादी यशस्वी झाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

परंतु हॅमिल्टनने मग काय केले? त्याने स्वतःच मुलांचे क्लब काढले. शाळांच्या व्यायामशाळा भाड्याने घेऊन तो मुलांना कसरती शिकवू लागला, उन्हाळ्यात शिबिरे भरवू लागला. क्लब काढण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती, त्यामुळे नाकारणारेही कोणी नव्हते. 1983 साली तेथील प्रादेशिक कौन्सिलने त्याला शाळेची जागा देणे बंद केले, तेव्हा त्याने स्थानिक कारभारावरील लोकपालाकडे दाद मागितली, आणि लोकपालाने त्याच्या बाजूने निर्णय दिला! कौन्सिलने ऐकीव गोष्टींवर विसंबून, त्याला बाजू मांडण्याची संधी न देता निर्णय घेतला, असा त्याचा अर्थ होता. न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर लोकपालाचे म्हणणे चुकीचे नव्हते, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. संशयाला पुराव्याचे रूप देणारी यंत्रणाच कोठे नव्हती. काही पालकही त्याच्या पाठीशी होते. पुढे 1988 आणि 1991 साली त्याच्या शिबिरांची पोलिसांनी चौकशी केली. खटला झाला नाही. 13 मार्च 1996 रोजी तो परवान्याची पिस्तुले घेऊन डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत शिरला आणि त्याने 16 मुलांना व त्यांच्या शिक्षिकेला ठार करून स्वतःवर गोळी झाडली.

डनब्लेनचे नाव घेतले की जगाला बंदुकांचा कायदा आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण लॉर्ड कलन ह्यांच्या चौकशी अहवालात आणखी एक सूचना होती. सोळा वर्षांखालील मुले ज्या क्लबांत जातात त्यांना एखाद्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असावी आणि मुलांशी एकांतात संबंध येणाऱ्या प्रमुखांची पात्रता तपासली जाईल अशी व्यवस्था व्हावी, ही ती सूचना. एका संघटनेची यादी पुरत नाही, दारे सर्वच घरांना हवीत, हा विचार तेथून सरकारी कागदांत दृढ झाला. 1997 च्या पोलीस कायद्याने गुन्ह्यांच्या नोंदी तपासून दाखला देण्याची तरतूद केली आणि 2002 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कचेरी उघडली.

त्याच 2002 च्या ऑगस्टात सोहॅम गावी दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खून करणारा शाळेचाच राखणदार होता. नोकरीस ठेवताना त्याची तपासणी झाली होती. मात्र ती त्याने सांगितलेल्या दुसऱ्या नावाने झाली, आणि पूर्वी तो राहत होता त्या भागातल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध ज्या तक्रारी आल्या होत्या त्या तपासणाऱ्यापर्यंत पोचल्या नाहीत. त्या तक्रारींत शिक्षा एकाही प्रकरणी झाली नव्हती. बिचर्ड चौकशीने 2004 मध्ये ह्या गलथानपणाची चिरफाड केली आणि 2006 साली नवा कायदा आला. ह्या कायद्याखाली मुलांशी वारंवार संबंध येणाऱ्या सुमारे 1 कोटी 10 लाख माणसांनी नाव नोंदवावे असे ठरले. एवढे झाल्यावर लंबक दुसऱ्या टोकाला गेला म्हणावयास हरकत नाही. 2009 साली फिलिप पुलमन आदी बालसाहित्यिकांनी, शाळेत भरल्या वर्गासमोर गोष्ट वाचून दाखविण्यासाठी आम्ही आपण गुन्हेगार नसल्याचा दाखला का काढावा, असा सवाल केला. 2010 मध्ये नवीन सरकारने योजना थांबविली आणि 2012 च्या कायद्याने तिला कात्री लावली. लेखकांचा राग आम्हाला समजतो. पण दाखला हा चारित्र्यावर शिंतोडा आहे असे मानणारे आमच्या मते थोडे हळवे आहेत. पाणी गाळून घेतो तेव्हा आपण विहिरीचा अपमान करीत नसतो.

दाखल्याची खरी मर्यादा निराळीच आहे. जो कधी पकडला गेला नाही त्याचा दाखला कोराच येणार. पोलिसांच्या दप्तरात पूर्वी शिक्षा झालेला माणूस सापडतो. पुढे गुन्हा करणारा सापडत नाही. अमेरिकन बालवीर संघटनेने तर खर्च वाढेल, स्वयंसेवक बिचकतील म्हणून दाखल्याची सक्ती दीर्घकाळ लांबविली. नव्या स्वयंसेवकांना ती 2003 पासून आणि सर्वांना 2008 पासून लागू झाली. परंतु त्याआधीच, 1980 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, तिने दुसरा एक नियम केला होता आणि तो आम्हाला यादीपेक्षा व दाखल्यापेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो. सहल असो, शिबिर असो, किमान दोन मोठी माणसे बरोबर असलीच पाहिजेत; एकटा मोठा माणूस आणि एकटे मूल दृष्टीआड राहता कामा नये; निजण्याचे तंबू व स्नानाच्या जागा वेगळ्या असाव्यात. ह्या नियमात कोणाच्या अंतःकरणात शिरून पाहण्याचा आव नाही. तो संतालाही लागू आहे आणि सैतानालाही; म्हणूनच त्यात कोणाचा अपमान नाही. इतकी साधी गोष्ट सुचण्यास एवढी वर्षे का लागावीत? आम्हाला वाटते, माणूस ओळखण्याच्या आपल्या शक्तीवर आपला जो गाढ विश्वास असतो तो सुटायला वेळ लागतो. 'मी माणूस पाहताक्षणी ओळखतो' असे म्हणणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक मंडळाच्या कार्यकारिणीत असतो.

ऑस्ट्रेलियाने ह्या बाबतीत मजल मारली आहे. क्वीन्सलंडमध्ये 2001 पासून 'निळे कार्ड' आहे आणि इतर राज्यांतही तशा पद्धती आल्या. पगारी नोकर आणि बिनपगारी स्वयंसेवक असा भेद त्यांनी ठेवला नाही. आणि तपासणी एकदाच करून न थांबता कार्डधारकावर पुढे नवा गुन्हा नोंदला गेला तर कार्ड रद्द होऊ शकते.

आपल्याकडे भारत स्काउट्स अँड गाइड्स ही एकत्रित संस्था 7 नोव्हेंबर 1950 रोजी झाली. त्याखेरीज सेवादल, क्रीडामंडळे, व्यायामशाळा, छंदवर्ग आणि उन्हाळी शिबिरे महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या आहेत, आणि ती बहुतेक स्वयंसेवकांच्याच खांद्यावर उभी आहेत. कायदा मात्र अलीकडचा. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 चा कायदा, ज्याला सर्वजण 'पॉक्सो' म्हणतात, त्याच्या 19 व्या कलमाने अशा अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर पोलिसांना कळविण्याची सक्ती केली. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडविला तर 21 व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद आहे. अमेरिकेतील ते कपाट आज आपल्याकडे कोणी ठेवू म्हणेल तर ते ठेवणाराच गुन्हेगार ठरेल. 2020 च्या नियमांनी मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांत नोकरांची ठराविक काळाने पोलीस पडताळणी करावी असेही सांगितले. ही पडताळणी कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हा प्रश्न ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या प्रकरणानंतर लोकांनी रेल्वेच्या रुळांवर उतरून विचारला. शिवाय नियमांची भाषा नोकरांची आहे. शिक्षक, शिक्षकेतर, कायम, कंत्राटी अशी सर्व नावे त्यात आली आहेत. सुटीत आठ दिवस मुलांना किल्ल्यावर नेणारा हौशी ताई-दादा त्या शब्दांत कोठे बसतो, हे त्या नियमात शोधावे लागते.

ह्या व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही गेल्या उन्हाळ्यातील काही शिबिरांचे प्रवेशअर्ज गोळा करून पाहिले. मुलाचे नाव, वय, रक्तगट, ॲलर्जी, पोहता येते काय, पालकांचे दोन दूरध्वनी क्रमांक, आणि अपघात झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत ह्या वाक्याखाली पालकाची सही, असा मजकूर बहुतेकांवर आहे. मुलाविषयी बावीस प्रश्न असलेला एक अर्ज आमच्याजवळ आहे. रात्री त्या तंबूत मुलांजवळ कोण निजणार, त्याचे नाव काय, त्याला शिबिरात कोणी व कशाच्या आधारावर घेतले, हे पालकांना सांगणारी ओळ त्यांपैकी एकाच अर्जावर आढळली, आणि तीही पेनाने मागाहून लिहिलेली होती.